नादारीचा अर्ज करायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

ओढाकाठ
नमस्कार मंडळी. मोठ्या भावासाठी विचारते आहे. तो स्वतः हा धागा वाचणार आहे, त्यामुळे त्याला उद्देशून लिहिलंत तरी चालेल.

दादाचा छपाईचा लहान व्यवसाय होता. मोठी गिऱ्हाइकं तुटली, मशीनचे हप्ते भरण्यासाठी त्याने पर्सनल लोन घेतलं, ते भरायला क्रेडिट कार्डं वापरली आणि शेवटी व्यवसाय बंदच करावा लागला. आता तो नोकरी करतो. पगारात घर कसंबसं चालतं, हप्ते भरणं अशक्य आहे. दोन बँकांची विनातारण कर्जं आहेत, तीन कार्डं आहेत, पतसंस्थेचं एक कर्ज आहे ज्याला त्याचा मित्र जामीनदार आहे, आणि एका खाजगी माणसाकडून महिना पाच टक्क्यांनी घेतलेले पैसे आहेत. पतसंस्थेने १०१ चा दाखला (सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला) मिळवला आहे. एका बँकेचा चेक परत गेल्याची केसही चालू आहे.

दिवाळखोरी म्हणजेच नादारी जाहीर करता येते असं सगळे म्हणतात, पण करायची कशी हे कोणीच सांगत नाही. अर्ज कुठे द्यायचा? दिला की वसुलीवाल्यांचे फोन थांबतात का? आम्ही आईच्या नावावरच्या घरात राहतो, ते जाईल का? वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, अजून वाटणी झालेली नाही.

रानवाट
आता नवीन कायदा आहे ना, २०१६ चा. आयबीसी, म्हणजे दिवाळखोरी संहिता. एनसीएलटीमध्ये (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) ऑनलाइन अर्ज करा. जुन्या नादारी कायद्याच्या नादाला लागू नका, तो कधीच रद्द झाला.

दिवाणीवकील
रानवाट, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोकांचे पैसे आणि महिने वाया जातात, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करतो.

दिवाळखोरी संहिता २०१६ ची आहे हे बरोबर. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी तरतुदी आहेत. पण तो भाग फक्त एका गटासाठी लागू झाला आहे: कंपनीच्या कर्जाला ज्यांनी वैयक्तिक हमी दिली ते हमीदार. त्यांच्यासाठी तो १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना वैध ठरवली. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या कर्जदारासाठी तो भाग अजून सुरूच झालेला नाही. जुने कायदे रद्द करणारं संहितेचं कलम २४३ सुद्धा लागू केलेलं नाही. अर्थ मंत्रालयाने २०१७ मध्येच खुलासा केला होता की व्यक्तींनी जुन्या कायद्यांखालीच दाद मागावी.

म्हणजे आज लागू असलेले कायदे दोन. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा. बाकी सगळीकडे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. ओढाकाठ, तुमचा भाऊ मुंबईबाहेर राहत असेल तर त्याने जिथे तो नेहमी राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जायचं. काही ठिकाणी हे अधिकार खालच्या दिवाणी न्यायालयालाही दिलेले असतात. फाइलिंग काउंटरवर विचारलं की लगेच कळतं.

मुंबईकर
आणि मुंबईत?

दिवाणीवकील
उच्च न्यायालयाच्या नादारी विभागात. तिथे नादाराची मालमत्ता 'ऑफिशियल असायनी' या न्यायालयीन अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, जिल्ह्यात ती न्यायालयाकडे किंवा ती सांभाळायला त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. बाकीचा गाभा साधारण सारखा आहे. मी पुढे १९२० च्या कायद्याबद्दलच लिहितो.

अर्ज कोणाला करता येतो? कलम १० पाहा. देणी फेडायला असमर्थ असणं ही मुख्य अट. त्याशिवाय तीनपैकी एक गोष्ट हवी: देणी ५०० रुपयांची तरी असावीत, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात (पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश) अटक झालेली असावी, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू असावा. ५०० हा आकडा १९२० सालचा आहे, तसाच राहिला. त्यामुळे पात्रतेत सहसा कोणी अडकत नाही. लोक अडकतात ते अर्जाच्या मजकुरात.

कलम १३ प्रमाणे अर्जात हे सगळं यावं लागतं: मी देणी फेडू शकत नाही असं विधान, राहण्याचं ठिकाण, अटक किंवा जप्ती झाली असल्यास कोणत्या न्यायालयाच्या हुकमाने, प्रत्येक घेणेकऱ्याचं नाव, पत्ता आणि रक्कम, स्वतःची सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे, ती न्यायालयाच्या हवाली करायला तयार असल्याचं निवेदन, आणि यापूर्वी असा अर्ज केला होता का.

ओढाकाठ, तुम्ही विचारलंत सुरुवात कुठून करावी. सुरुवात या यादीपासून. वकील शोधण्याच्याही आधी ही यादी करा. आणि त्या यादीतून एकही नाव वगळू नका.

माजी_कर्जअधिकारी
वकीलसाहेबांच्या या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण दुजोरा. मी बँकेच्या वसुली विभागात बरीच वर्षं काढली आहेत. कर्जदार माझ्यासमोर बसायचा तेव्हा त्याला स्वतःला एकूण आकडा माहीत नसायचा. विचारलं की 'दहा-बारा लाख असतील' म्हणायचा आणि कागद जुळवले की भलताच आकडा निघायचा. आकडा माहीत नसल्याने भीती जास्त वाटते आणि निर्णय चुकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

यादी कशी करायची ते सांगतो. आधी क्रेडिट अहवाल काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या), कार्डं आणि मोबाइल अॅपवरची कर्जं बहुतेक सगळी दिसतात. ज्याने कर्ज नंतर दुसऱ्या संस्थेला विकलं असेल त्याचाही माग लागतो. मग प्रत्येकाकडून खातेउतारा लेखी मागा. मुद्दल, व्याज आणि दंड वेगळे लिहा. जे अहवालात येत नाही ते स्वतः आठवून लिहा: मित्र, नातेवाईक, दुकानदाराची उधारी, कागदाच्या व्यापाऱ्याचं बिल, थकलेला जीएसटी, कामगारांचा राहिलेला पगार.

एक स्तंभ जरूर ठेवा: या कर्जाला तारण आहे का, जामीनदार आहे का, चेक दिला आहे का. पुढचं सगळं त्या स्तंभावर ठरतं.

ओढाकाठ
मशीन तारण होतं, ते बँकेने कधीच उचलून नेलं आणि विकलं. विकून उरलेली रक्कम ते अजून मागत आहेत. ती लिहायची ना?

माजी_कर्जअधिकारी
लिहायची. आणि मशीन किती रुपयांना विकलं, तो हिशोब त्यांच्याकडून लेखी मागा. ती रक्कम कर्जातून वजा झाली आहे का ते पाहणं तुमचा हक्क आहे.

पाणकळा
फोन थांबतात का, याचं उत्तर राहिलं. माझ्या माहितीत तर अर्ज केला की सगळं आपोआप थांबतं.

दिवाणीवकील
ते अमेरिकेत. तिथे अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. त्याबद्दलचे व्हिडिओ पाहून इथले लोक तीच अपेक्षा धरतात. आपल्याकडे नुसत्या अर्जाने काही थांबत नाही. न्यायालय अर्ज दाखल करून घेतं, सुनावणीची तारीख देतं, घेणेकऱ्यांना नोटीस जाते. कर्जदाराने स्वतः अर्ज केला असेल तर सहसा हंगामी रिसीव्हर नेमला जातो. सुनावणीत असमर्थता दाखवावी लागते, मात्र कर्जदाराच्या अर्जात प्रथमदर्शनी पुरावा पुरतो. मग नादार ठरवल्याचा हुकूम होतो. खरं संरक्षण त्या हुकमापासून सुरू होतं. त्यानंतर विनातारण घेणेकऱ्याला न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर किंवा तुमच्या मालमत्तेवर कारवाई करता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा वेगळा हुकूम कलम ३१ खाली मागता येतो.

त्या हुकमातच एक मुदत लिहिलेली असते, तिच्या आत सुटकेसाठी म्हणजे देण्यांतून मोकळं होण्यासाठी (डिस्चार्ज) अर्ज करायचा असतो. हा मुद्दा ठळक करून ठेवा. लोक नादार ठरले की निवांत होतात, मुदत विसरतात, आणि न्यायालय हुकूमच रद्द करतं. मग पुन्हा अर्ज करायला परवानगी लागते. सगळी मेहनत पाण्यात.

तोवर फोनचं काय? त्याला वेगळा मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, धमकी देता येत नाही, नातेवाईक-मित्रांसमोर बदनामी करता येत नाही. वेळ, नंबर, संदेशांचे फोटो जपून ठेवा. बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही.

निळावंती
मी गेली आहे या सगळ्यातून, म्हणून लिहिते. एका कर्जवसुली एजन्सीच्या माणसाने माझ्या ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना फोन केले होते. लेखी तक्रार केल्यावर ते थांबलं. तोंडी भांडून कधीच थांबलं नव्हतं.

ओढाकाठताई, दादाला एकटं सोडू नका. मला रात्री झोप यायची नाही आणि नको ते विचार यायचे. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कर्ज हा कागदाचा प्रश्न आहे आणि कागदाने सुटतो. माणूस आधी.

ओढाकाठ
निळावंती, मनापासून आभार. नंबर त्याच्या फोनमध्ये घालून ठेवला आहे.

रानवाट
माझी चूक सुधारल्याबद्दल धन्यवाद. मग एक व्यवहारी सूचना. अर्ज करण्याआधी भावाने जमिनीतला हिस्सा बहिणीच्या किंवा बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकावा. आणि ज्या नातेवाइकांचे पैसे आहेत तेवढे आधी गुपचूप फेडून टाकावेत. बँका काय, सोसतील.

दिवाणीवकील
कृपया हे अजिबात करू नका. कळकळीने सांगतो.

नादारीच्या अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण रिसीव्हरच्या अर्जावरून न्यायालय रद्द करू शकतं, कलम ५३. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्या घेणेकऱ्याला मुद्दाम झुकतं माप दिलं असेल तर तेही रद्द होतं, कलम ५४. म्हणजे काकांना दिलेले पैसे काकांकडून परत मागितले जातील. आणि मालमत्ता लपवणं, हिशोबाची पुस्तकं नष्ट करणं किंवा खोटी करणं हा कलम ६९ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. शिवाय असं वागणाऱ्याला न्यायालय सुटका देताना हात आखडता घेतं. ज्या माणसाकडे फार काही नाही त्याचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे त्याचा प्रामाणिक अर्ज. तो एका बक्षीसपत्रापायी घालवू नये.

जमिनीतला भावाचा हिस्सा, वाटणी झाली नसली तरी, मालमत्तेत दाखवावाच लागेल. बहिणीचे आणि आईचे हिस्से त्यांचेच राहतात. आईचं घर आईनेच घेतलेलं असेल तर ते भावाची मालमत्ता नाही, प्रश्नच नाही. भावाने ते अलीकडे आईच्या नावे केलेलं असेल तर वर लिहिलेलं लागू होईल.

सगळंच जातं असंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे ज्यावर जप्ती येत नाही ते नादारीतही सुटतं: कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची पॉलिसी, पगाराचा ठरावीक भाग.

जामीनदार
मी शांतपणे वाचत होतो. आता लिहितो.

मी अशाच एका मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला सही केली होती. त्याने नादारीचा अर्ज केला. मला कळलं ते माझ्या पगारातून कपात सुरू झाल्यावर. त्याने मला एका शब्दाने विचारलं असतं तर मी पतसंस्थेत जाऊन हप्ते पाडून घेतले असते. कर्जाची रक्कम मी भरली, ती गोष्ट मागे पडली. त्याने सांगितलं नाही, ते मागे पडत नाही.

ओढाकाठ, तुमच्या दादाला सांगा, वकिलाकडे जाण्याच्या आधी त्या मित्राच्या घरी जा.

दिवाणीवकील
जामीनदार यांनी लिहिलं ते कायद्यानेही तंतोतंत खरं आहे. कलम ४४ मध्ये स्पष्ट आहे की कर्जदाराला सुटका मिळाली तरी जामीनदार किंवा सहकर्जदार सुटत नाही. उलट कर्जदार बाजूला झाल्यावर पतसंस्था थेट त्याच्याकडे वळते, आणि १०१ चा वसुली दाखला सहसा कर्जदाराबरोबर जामीनदारांविरुद्धही असतो.

माझ्या मते या धाग्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही. पूर्ण यादी झाली की ती घेऊन आधी जामीनदारासमोर बसावं. काही वेळा त्या बैठकीतच कळतं की नादारीची गरज फक्त विनातारण बँक कर्जांसाठी आहे आणि पतसंस्थेचं तडजोडीत मिटू शकतं. काही वेळा कळतं की जामीनदाराला वाचवायचं असेल तर अर्ज थोडा थांबवून पतसंस्थेशी आधी बोलायला हवं. पण तडजोडीची रक्कम भावाने अर्जाच्या तोंडावर भरली तर वरचा झुकत्या मापाचा प्रश्न येतो, म्हणून पैसे कोण आणि कधी भरणार हे वकिलाला विचारूनच ठरवा.

ओढाकाठ
हे वाचून दादा बराच वेळ काही बोलला नाही. मित्राला त्याने अजून सांगितलेलं नाही. या रविवारी जाणार आहे, मीही बरोबर जाईन.

चेकच्या केसचं आणि त्या पाच टक्केवाल्याचं काय?

दिवाणीवकील
चेकची केस चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खालची, फौजदारी. नादार ठरल्याने ती थांबत नाही. तारखांना हजर राहायचंच, नाहीतर वॉरंट निघतं. पण ती तडजोडीने मिटवता येते. न्यायालयात लोकअदालतीसाठी नाव द्या, बँका तिथे बऱ्याचदा कमी रकमेला तयार होतात. पैसे कुठून भरायचे याला मात्र वर पतसंस्थेबद्दल लिहिलेलीच काळजी लागू आहे.

खाजगी माणसाबद्दल: महाराष्ट्रात सावकारी २०१४ च्या अधिनियमाखाली परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालय वसुलीचा हुकूमनामा देत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. कोरे चेक, कोरे स्टॅम्प पेपर दिले असतील तर तेही तक्रारीत लिहा. अर्जाच्या यादीत त्याचं नाव मात्र घाला, समोर 'देणं अमान्य, विनापरवाना सावकारी' अशी नोंद करून. नाव वगळलं तर लपवल्यासारखं दिसतं.

पाणकळा
सुटका मिळाली की सगळी देणी संपतात का?

दिवाणीवकील
नाही. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी उरतेच. तारणाचं कर्ज असेल तर तारण घेणारा नादारीच्या बाहेर राहून तारण विकू शकतो. गृहकर्जाच्या बाबतीत बँक सरफेसी कायद्याखाली (बँकांना तारण स्वतःच वसूल करू देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस देऊन ताबा घेते, त्याला नादारीचा अडसर नाही. त्यामुळे ज्यांचं मुख्य कर्ज घराचं आहे त्यांना या वाटेचा फारसा उपयोग नाही, हे मी पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगतो.

शिवाय विनातारण देण्यांच्या निम्म्याइतकीही मालमत्ता नसेल तर न्यायालय पूर्ण सुटका सहसा लगेच देत नाही. आपल्या हातात नसलेल्या कारणांनी ही वेळ आली हे पटवावं लागतं. इथे दादाच्या व्यवसायाची पुस्तकं कामी येतात. गिऱ्हाईक तुटल्याची पत्रं, परत आलेली बिलं, उधारी न मिळाल्याचे पुरावे, सगळं जपा.

सुटका मिळेपर्यंतच्या काळातले निर्बंधही माहीत असू द्या. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेणं गुन्हा आहे. कंपनीचा संचालक होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. नवीन मिळालेली मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. आणि एकदा दिलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

माजी_कर्जअधिकारी
म्हणूनच मी प्रत्येकाला आधी लेखी तडजोडीचा प्रस्ताव द्यायला सांगतो. फक्त दोन गोष्टी. 'राइट ऑफ' म्हणजे माफी नाही, बँकेने आपल्या हिशोबातून काढलं इतकंच, वसुली चालूच राहते. आणि तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका, भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शेरा येतो, तो पुढची काही वर्षं नवीन कर्ज घेताना आडवा येतो. 'आम्ही तुमचं कर्ज निम्मं करून देतो' म्हणणाऱ्या आगाऊ फी मागणाऱ्या कंपन्यांना लांब ठेवा.

मुंबईकर
वकिलाची फी परवडत नसेल तर?

दिवाणीवकील
जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००. अर्ज स्वतःही करता येतो, पण नादारीचे अर्ज आता इतके कमी येतात की नवख्या वकिलांनाही ते माहीत नसतात. वकील निवडताना थेट विचारा, १९२० च्या कायद्याखाली काम केलं आहे का.

ओढाकाठ
रविवारी जाऊन आलो. मित्र आधी चिडला, ते साहजिक होतं. मग तोच म्हणाला, पतसंस्थेच्या अध्यक्षांना तो ओळखतो, तिघांनी मिळून भेटायचं. क्रेडिट अहवाल काढला आहे. त्यात एक जुनं अॅपवरचं कर्ज निघालं जे दादा पूर्ण विसरला होता.

एकच राहिलं. व्यवसायाच्या शेवटच्या वर्षाची वही नीट लिहिलेली नाही. आता बसून पूर्ण केली तर चालेल का?

दिवाणीवकील
जुन्या वहीत आता एक अक्षरही घालू नका. ती आहे तशी राहू द्या. वेगळ्या कागदावर बँक उतारे आणि बिलांवरून हिशोब जुळवा, वर 'आज तयार केलेला गोषवारा' असं लिहून तारीख आणि सही करा, आणि अर्जाला दोन्ही जोडा.